परदेशातला रविवार

आपली मुले-मुली आता शिष्यवृत्तीवर परदेशी शिकतात. रविवारी फिरायला गेल्याचे कळले, की घरी वाटते, पैसा उडवतात की काय! पालकहो, तसे समजू नका.

जपानचेच पाहा. क्योटोत किंवा ओसाकात शिकणारा विद्यार्थी आगगाडीने तासाभरात नारा शहरी पोचतो. तिथल्या उद्यानात हजारावर हरणे मोकळी हिंडतात. उद्यानाला तिकीट नाही. हरणांसाठी कोंडा आणि पिठाच्या बिनसाखरेच्या चकत्या विकत मिळतात. त्या दाखवल्या, की कित्येक हरणे मान लववतात. दुसरे काही घालू नये. २०१९ साली मेलेल्या काही हरणांच्या पोटात प्लॅस्टिक निघाले. शेजारच्या तोदाइजी विहारात सुमारे १५ मीटर उंच बुद्धमूर्ती आहे. तिची प्रतिष्ठापना इ. स. ७५२ची. जेवायला पानात गुंडाळलेला मासा-भात. ते पान काकी झाडाचे, म्हणजे आपल्या विडीच्या तेंदूच्याच कुळातले. समुद्र दूर, म्हणून मासा खारवून आणीत.

एवढे शिक्षण एका रविवारी होते. तेव्हा फोनवर ‘अभ्यास झाला का?’ एवढेच विचारू नका. ‘काय पाहिलेस, काय खाल्लेस?’ हेही विचारा. परमुलखात एकटे पडलेले लेकरू तेवढ्याने बोलते होते.