गुणवत्तेचा काटा

आमच्या वरळी कोळीवाड्यात काही गिऱ्हाइकांची एक खोड आहे. पापलेट ताजे की शिळे, हे कोळणीला न विचारता ती शेजारच्या गिऱ्हाइकाला विचारतात. वैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशांवरचा हल्लीचा वाद मला असाच वाटतो. सगळ्यांना विचारतात, रोग्याला तेवढे कोणी विचारत नाही.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कायद्यावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी एका रोग्याचा मुलगा आहे. आईला एकदा एका मोठ्या इस्पितळात नेले होते. ती म्हणाली, "माजा ऊर भरून आलाय." डॉक्टर तरुण होता, हुशार होता, मनानेही चांगला होता. त्याने ते पुस्तकी मराठीत ऐकले आणि हळुवारपणे विचारले, "आजी, घरी काही दुःखद घडले का?" आईची छाती दाटली होती, त्याला वाटले, मन दाटले. आमच्याच वाड्यातल्या एका आयाबाईने अर्थ सांगितला, म्हणून पुढची तपासणी झाली. त्या बाईच्या या ज्ञानाला कोणत्याही परीक्षेत गुण नाहीत.

एवढे म्हटले की प्रश्न येतोच, "मग गुणवत्तेचे काय?" ठीक आहे, गुणवत्तेचेच बोलू. परळला १९२६ साली के. ई. एम. रुग्णालय उघडले. त्याच्या शेजघरच्या महाविद्यालयाला पैसा देताना सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी अट घातली, की अध्यापक हिंदीच असले पाहिजेत. त्या काळी मोठ्या जागा साहेबाच्या, आणि साहेबाच्या काट्यावर आपला माणूस नेहमीच कमी भरायचा. ती अट म्हणजे राखीव जागा नव्हे तर काय? त्याने महाविद्यालय बुडाले काय? मुंबईचा गरीब रोगी शतकभर तिथेच धाव घेत आला आहे!

कायदा मात्र लाटेसारखा पुढे-मागे होतो. १९५१ साली मद्रासमधली प्रवेशांची जातवार वाटणी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. त्याच वर्षी घटनादुरुस्तीने १५(४) कलम आले. २०२२ साली पदव्युत्तर अखिल भारतीय कोट्यातले ओबीसींचे २७ टक्के उचलून धरताना त्याच न्यायालयाने बजावले, की परीक्षेतले गुण म्हणजे सारी गुणवत्ता नव्हे. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातला वंशाचा विचार बाद केला. आणि २९ जानेवारी २०२५ रोजी आपल्याकडे पदव्युत्तर वैद्यकातले रहिवासाचे आरक्षण गेले.

या शेवटच्या निकालावर मी गळा काढणार नाही. रहिवासाचा दाखला वरळीच्या उंच मनोऱ्यातल्या मुलालाही मिळतो. त्याने कोळणीची बोली कळत नाही. पण एक दार बंद झाले, म्हणून सामाजिक आरक्षणाचे दार अधिकच जपले पाहिजे. आम्ही कोळी राज्यात विशेष मागास प्रवर्गात मोडतो. त्याला दोन टक्के, तेही अनेक जातींत मिळून. पन्नासांत एक जागा! एवढ्याने कोणाचे ताट ओढले गेले?

सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर जागा रिकाम्या राहतात म्हणून पात्रतेची पर्सेंटाइल सर्वच गटांसाठी शून्यावर आणली गेली. एरवी राखीव जागेच्या दोन-चार गुणांचा हिशेब मांडणाऱ्या माझ्या ओळखीच्या घरांतून तेव्हा हूं की चूं उमटले नाही. लाखांची फी भरणारा शून्यावर चालतो. कोळ्याचा पोर दोन गुण कमी पडला, की मात्र रोग्याचा जीव धोक्यात!

आमच्या पोरांनाही सांगणे आहे. राखीव जागेवर विशेषज्ञ व्हाल आणि मासळीच्या वासाने नाक मुरडाल, तर माझा हा सारा युक्तिवाद तुम्हीच समुद्रात बुडवाल. जागा तुम्हाला मिळते, पण ती तुमच्या एकट्याची नसते.

काटा कोणाच्या हाती असावा, यावर पंडित खुशाल भांडोत. ज्याच्या जिवाचे वजन व्हायचे, तो रोगी रांगेत उभा आहे. त्याचे दुखणे त्याच्याच शब्दांत समजणारा एक तरी माणूस टेबलाच्या पलीकडे बसू द्या.