तबकडी दणदणीत वाजली, म्हणजे चांगली?

दिवाळीची साफसफाई काढली की पुष्कळ घरांत माळ्यावरून एक पेटी खाली येते. आत जुन्या रेकॉर्ड्स. भावगीतांच्या, नाट्यपदांच्या, हिंदी सिनेमाच्या. 'या आता कशाला हव्यात?' असं कोणीतरी म्हणतं आणि पेटी पुन्हा वर जाते. हल्ली मात्र ती वर जातेच असं नाही. रेकॉर्ड ऐकायची हौस परत आली आहे, जुन्या मालाला गिऱ्हाईक आहे, आणि नव्याने छापलेली एलपी बऱ्याचदा दोन हजारांच्या पुढे विकली जाते. ती घरी आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ''बघ, कशी खणखणीत वाजते! आपली जुनी केवढी दबकी.'' मग जुनी थप्पी एकगठ्ठा निघते. माझं भांडण आहे ते या वाक्याशी.

एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड्स एकाच मशीनवर, आवाजाचं बटण न हलवता लावल्या, तरी एक मोठ्याने आणि दुसरी हळू वाजू शकते. यात बिघाड काही नाही. रेकॉर्डवर बाहेरून आत जाणारी एकच लांब खाच असते. आवाज जितका मोठा, तितकी ती खाच जास्त नागमोडी, म्हणजे तिला जागाही जास्त लागते. अंतर्देशीय पत्र आठवतंय ना? सुरुवातीला ऐसपैस अक्षर आणि जागा संपत आली की कडेकडेने मुंगीएवढं. बारा इंची एलपीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटं बसवायची, तर खाचा दाटीने ठेवाव्या लागतात आणि आवाज आधीच थोडा कमी धरावा लागतो. सात इंची छोट्या रेकॉर्डवर एका बाजूला एकच गाणं असेल, तर तेच गाणं सहसा जास्त भरदार लागतं. ती फिरतेही भरभर, मिनिटाला 45 फेरे. एलपीचे फेरे साधारण 33. अर्थात त्या छोटीवरच दोन-दोन गाणी कोंबली की पुन्हा तीच दाटी.

आणि एलपीचं शेवटचं गाणं? बाहेरच्या पहिल्या फेरीत सुईखालून सुमारे 90 सेंटिमीटर खाच जाते. लेबलापाशी पोचेपर्यंत एका फेरीत 40 सेंटिमीटरही उरत नाहीत. वेळ तेवढाच, जागा निम्म्याहून कमी. म्हणून शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फसफसल्यासारखे वाटतात. त्यात गाणारीचा काही दोष नसतो, बिचारीला उगीच नावं ठेवली जातात.

मोठा आवाज वाईटच, असं मात्र मी म्हणत नाही. लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडच्या 1969 सालच्या दुसऱ्या एलपीची गोष्ट शौकिनांमध्ये प्रसिद्ध आहे. तिची मूळ तबकडी रॉबर्ट लडविग या अमेरिकन इंजिनिअरने चांगली दणक्यात कापली. पण साध्या, स्वस्त प्लेअरवर सुई उड्या मारते अशी तक्रार आली आणि कंपनीने नवी, मवाळ तबकडी कापून घेतली. आज लेबलाजवळच्या रिकाम्या पट्टीत 'आर एल' अशी अक्षरं कोरलेली ती पहिली प्रत मिळवायला लोक शेकडो डॉलर मोजतात. खाचेत गाणं जोरकस असलं की सुईची खरखर त्याखाली झाकली जाते, हा तिचा खरा फायदा.

गोंधळ होतो तो आपल्या कानांमुळे. आवाज लहान असला की खर्जाचे आणि अगदी वरचे सूर आपल्याला कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी 1933 सालीच हे मोजून दाखवलं. म्हणजे तीच वस्तू जरा मोठ्याने वाजवा, ती भरलेली, गोड वाटायला लागते. दुकानदारांना हे बरोब्बर ठाऊक असतं. सीडीच्या जमान्यात तर कंपन्यांनी यावरच शर्यत लावली : गाण्यातला हळुवार भाग वर ओढायचा, जोरातला दाबायचा, सगळं एका पातळीत. मिक्सरमधून काढलेल्या चटणीसारखं, शेंगदाणा कुठे नि लसूण कुठे कळू नये! काही नव्या एलपी अशाच सपाट केलेल्या रेकॉर्डिंगवरून निघतात.

घरात कुठलं म्युझिक सिस्टिम घ्यायचं हे पुरुषांनी ठरवायचं, दुकानदारानेही त्यांच्याकडेच बघून बोलायचं, हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. त्यांना मला विल्मा कोझार्ट फाइन यांचं नाव सांगावंसं वाटतं. डॅलसच्या वाद्यवृंदाचे संचालक अंताल दोराती यांच्या त्या सेक्रेटरी. पुढे अमेरिकेच्या मर्क्युरी रेकॉर्ड कंपनीत गेल्या आणि 1954 साली तिथे उपाध्यक्ष झाल्या. त्यांच्या रेकॉर्डिंगची पद्धत साधी : वादकांसमोर एक मायक्रोफोन, पुढे स्टिरिओ आल्यावर तीन. सगळ्यात मोठा आवाज कुठे आहे ते बघून पातळी एकदा ठरवायची, मग बटणाला हात लावायचा नाही. हळू ते हळूच राहायचं, जोरात ते जोरातच. 1964 साली मुलाबाळांसाठी त्यांनी काम सोडलं. 1990च्या सुमारास त्याच रेकॉर्डिंगच्या सीडी निघायची वेळ आली, तेव्हा ते काम करायला पुन्हा त्यांनाच बोलावलं गेलं. (पंचवीस वर्षांची गॅप सीव्हीवर कशी दाखवायची, असं त्यांना कोणी विचारलं नसावं.)

तेव्हा मैत्रिणींनो, घरातल्या थप्पीचा निकाल लावण्याआधी एक दुपार काढा. नवी आणि जुनी, दोन्ही लावा. जी हळू वाजते तिचं बटण एवढं वाढवा की दोघींचा आवाज सारखा होईल, आणि मगच तुलना करा. तंबोरा मागे वेगळा ऐकू येतोय का, गाणारी श्वास घेते ते कळतंय का, तबल्याचा बोल सुटा आहे की नुसता धप्प, एवढं बघा. यासाठी कुठला कोर्स लागत नाही.

जुनीच जिंकेल याची खात्री मात्र नाही. रेकॉर्ड धातूच्या ठशाखाली दाबून काढतात. ठसा झिजत जातो, तेव्हा त्याच्या पहिल्या शंभरातली प्रत आणि शेवटची प्रत सारखी नसते. काही वेळा जुन्या रेकॉर्ड्स वितळवून केलेला मालही वापरला जायचा, त्याची चरचर जन्मजातच. आणि घरातल्या सगळ्यांनी बोथट सुईने वर्षानुवर्षं तेच लाडकं गाणं वाजवलं असेल, तर खाच खरवडली गेलेली असते. ती धुऊन-पुसून परत येत नाही. अशी रेकॉर्ड खुशाल द्या. जड, लाखेच्या, हातातून पडल्या तर फुटणाऱ्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या असतील तर त्या एलपीच्या सुईने मुळीच वाजवू नका, त्यांची खाच रुंद असते आणि सुईही वेगळी लागते.

उरलेल्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, थप्पी घालू नका, पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर तर नकोच, उन्हाळ्यात वाकतात. आणि विकायच्याच असतील तर एकेक करून भाव विचारा, किलोवर देऊ नका.