ती पत्रं टपालात टाका

शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात या आठवड्यात झेरॉक्स काढायला गेले होते. माझ्यापुढे एक आई उभी होती. तिनं विचारलं, "जलसुरक्षाचं आहे का?" दुकानदारानं मागं न बघताच फळीवर हात घातला आणि प्लॅस्टिकच्या कव्हरातली एक फाईल काउंटरवर ठेवली. मुखपृष्ठ, प्रस्तावना, उद्दिष्टं, निरीक्षणं, निष्कर्ष, आभार, सगळं छापून तयार. मुलानं फक्त नाव आणि हजेरी क्रमांक लिहायचा. "नववीचं वेगळं, दहावीचं वेगळं, बघून घ्या ताई," दुकानदार म्हणाला. मी एक फाईल मागून घेतली आणि चाळली. 'आमच्या परिसरातील पाणीपुरवठा' या पानावर एक गाव होतं, गावात एक विहीर होती आणि विहिरीच्या पातळीचा महिनावार तक्ता होता. आमच्या भागात विहीर नाही. निष्कर्षात लिहिलं होतं, नागरिकांनी जागरूक राहिलं पाहिजे.

मला भयंकर राग आला. दुकानदारावर नाही, त्याच्याकडे मागणी आहे म्हणून तो माल ठेवतो. त्या आईवरही नाही, तिच्या मुलाची पूर्वपरीक्षा तोंडावर आहे. राग आला तो आपण सगळ्यांनी मिळून पोरांना काय शिकवलं याचा. आपल्या गल्लीतलं पाणी कुठून येतं हे न बघताही त्यावर 'निरीक्षणं' लिहिता येतात, ती विकत मिळतात आणि त्याला चांगली श्रेणीही मिळते, हे ते मूल पंधराव्या वर्षी शिकलं. पुढं तेच मूल मोठं होऊन न बघता सह्या करणार आहे.

माहिती थोडक्यात सांगते. आपल्या राज्य मंडळाच्या नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणीचा विषय आहे. त्याचं पुस्तक वाचलं तर तो बाहेर जाऊन करायचा विषय आहे हे कळतं. दहावीच्या राज्यशास्त्रात पाच प्रकरणं आहेत. त्यांत निवडणूक प्रक्रिया आहे, चळवळी आहेत, लोकशाहीसमोरची आव्हानं आहेत. सहावीला स्थानिक शासन आहे. बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीला संविधानाची उद्देशिका छापलेली असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही संवैधानिक मूल्यांचा आग्रह आहे. थोडक्यात, कागदावर काही कमी नाही. तरीही २६ जानेवारी जवळ आली की कुणीतरी सुचवतंच, शाळेत नागरिकत्वाचा एक वेगळा तास ठेवा. माझा त्याला ठाम विरोध आहे. वेगळा तास झाला की त्याची वेगळी वही होईल, वेगळं गाईड निघेल आणि पुढच्या वर्षी त्या दुकानात आणखी एक फाईल येईल.

आमच्या शेजारची पोरगी दहावीत आहे. तिला विचारलं, तुझ्या प्रकल्पाचं काय? म्हणाली, "काकू, सगळ्यांनी एकाच वहीवरून उतरवलंय. ग्रुपवर फोटो आलेत." म्हणजे पुऱ्या वर्गाच्या वह्यांत एकच गाव, एकच विहीर. मी म्हटलं, "अगं, आपल्या कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह बघितलास का कधी?" जलवाहिनीवरचा तो व्हॉल्व्ह पावसाळ्यापासून गळतोच आहे.

सकाळी पाणी सुटल्यावर आम्ही दोघी गेलो. तिनं मोबाईलवर सेकंद मोजले, मी लिटरची बाटली धरली. वीस सेकंदांत बाटली भरली. तिथंच रस्त्याकडेला उभ्या उभ्या तिनं हिशेब केला: मिनिटाला ३ लिटर, तासाला १८०. आमच्याकडे पाणी तीन तास येतं, म्हणजे रोज ५४० लिटर गटारात. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या माणसासाठी दररोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. तिनं भागाकार केला आणि माझ्याकडे बघितलं. जवळपास दहा माणसांचं पाणी रोज आमच्या कोपऱ्यावरून वाहून जातं. हे गणित पाचवीतलं आहे. पण यातलं उत्तर तिनं पुस्तकाच्या मागं उलटून बघितलं नाही, कारण ते तिथं नव्हतं.

मला नागरिकत्व म्हणजे हेच म्हणायचं आहे, आणि ते प्रत्येक विषयात आधीच पडलेलं आहे. दहावीच्या बीजगणितात सांख्यिकी आहे, मध्य आणि मध्यक आहेत. वर्गातल्या मुलांना नुसतं विचारा, तुमच्याकडे पाणी किती तास येतं? समजा पाच घरांची उत्तरं आली: चोवीस तास, दोन तास, एक, एक, आणि पाचव्याकडे नळच नाही, टँकर. मध्य काढला तर साडेपाच तासांच्या वर येतो. मध्यक येतो एक तास. सरासरी ऐकून वाटेल की गाव सुखात आहे. मधल्या घराला विचारलं तर खरं कळेल. ही दोन मापं वेगवेगळी का ठेवली आहेत, हे त्या वर्गाला जन्मभर विसरता येणार नाही. त्याच पुस्तकात अर्थनियोजनाच्या प्रकरणात जीएसटी आहे. केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मा-निम्मा मांडायला मुलं शिकतात, पण बिस्किटाचा पुडा घेताना आपणही कर भरतो, म्हणून त्या पैशाचं काय झालं हे आपणही विचारू शकतो, एवढं एक वाक्य कुणी बोलत नाही.

आणि त्या पाच उत्तरांतून आणखी एक गोष्ट होते, ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. चोवीस तास पाणी असलेल्या मुलाला पहिल्यांदा कळतं की आपल्याच बाकावरचा मित्र सकाळी उशिरा येतो तो आळसामुळं नव्हे, टँकरच्या रांगेमुळं. 'आपण सगळे एक' हे भिंतीवर रंगवून येत नाही. एका गोष्टीची दोघांना सारखी काळजी वाटली की येतं. मात्र तिथं शिक्षकाला जपून वागावं लागतं, कुणाची गरिबी वर्गासमोर उघडी पडता कामा नये. चिठ्ठ्या नावाविना घ्याव्यात. एवढं साधं पथ्य पाळलं की पुरे.

इतिहासाचंही तेच. आठवीत मुलं महाडचा सत्याग्रह शिकतात: २० मार्च १९२७, चवदार तळं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सन पाठ होतो आणि धडा संपतो. पण सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनंही १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागदावर तळं सगळ्यांचं झालं होतं. प्रत्यक्षात पाण्याला हात लावायला हजारो माणसांना तिथवर चालत जावं लागलं, मार खावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं. पुढं संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आला. ठराव आणि ओंजळ यांच्यामधलं हे अंतर इतिहासाच्या तासाला समजलं, तर राज्यशास्त्राचं अर्धं काम तिथंच होतं.

आता मराठीच्या तासाकडे येते, कारण लिहिता लिहिता मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटायला लागला आहे. दहावीच्या उपयोजित लेखनात पत्र असतं, मागणीचं किंवा विनंतीचं. आमच्या शेजारणीला सरावासाठी विषय होता परिसरातल्या अडचणीबद्दल अधिकाऱ्यांना पत्र. तिनं ते आधीच लिहून ठेवलेलं: प्रति, मा. आयुक्त, विषय, महोदय, 'आमच्या भागात पाण्याची तीव्र समस्या असून नागरिक त्रस्त आहेत'. कोणता भाग, कोणती समस्या, काही नाही. विचार करा, राज्यभर दरवर्षी लाखो मुलं अशी पत्रं लिहितात. रस्त्यातले खड्डे, बंद दिवे, वाचनालयात पुस्तकं नाहीत. सगळी तक्रार सभ्य भाषेत, मायना अचूक, आणि त्यातलं एकही पत्र कुठं पोहोचत नाही. ती सगळी तपासनिसाकडे जातात आणि रद्दीत संपतात. अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्राला उत्तर यायचं नसतंच, हे आपण पोरांच्या मनावर किती पक्कं बिंबवतो!

मी तिला म्हटलं, यात आपला व्हॉल्व्ह घाल. तिनं पत्र पुन्हा लिहिलं. 'तीव्र समस्या' गेली, त्या जागी ५४० लिटर आले, चौकाचं नाव आलं, मोजल्याची तारीख आणि वेळ आली. आम्ही वॉर्ड ऑफिसला गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद घेतला आणि मला विचारलं, "अर्जदार तुम्ही का?" पोरगी पुढं होऊन म्हणाली, "नाही, मी." बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का मारला आणि आवक क्रमांक लिहून ती प्रत तिच्या हातात दिली. व्हॉल्व्ह अजून दुरुस्त झालेला नाही. पण माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, दहा रुपयांचा अर्ज आहे आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे, हे तिनं परवा स्वतःहून शोधून मला सांगितलं. राज्यशास्त्रातली चळवळ तिच्या घरापर्यंत आली ती अशी.

शिक्षकांना वेळ नाही, हे मला मान्य आहे. मतदार याद्या, जनगणना, निवडणूक, सगळ्या कामांना त्यांनाच धरतात. पण याच कामांत केवढी शिदोरी आहे! जे सर केंद्राध्यक्ष म्हणून मतदान केंद्रावर मुक्कामाला असतात, पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचं अभिरूप मतदान घेतात, निकाल दाखवून यंत्र पुसतात, मोहोर लावतात, संध्याकाळी मतांचा हिशेब लिहून देतात, तेच सर आठवड्याभरानं वर्गात 'निवडणूक प्रक्रिया' हे प्रकरण गाईडमधून का वाचून दाखवतात? सर, तुमची ती रात्र सांगा. यंत्र हातात घेतल्यावर काय वाटलं ते सांगा. त्या वर्गातली मुलं दोन-तीन वर्षांत मतदार होणार आहेत. ज्यांनी निवडणूक पार पाडली त्यांच्या तोंडून ती ऐकायला मिळणं हे त्यांचं भाग्य आहे, आणि आपण ते वाया घालवतो आहोत.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. पालकांनी ती फाईल विकत घेऊ नये. प्रकल्प दोनच पानांचा झाला तरी चालेल, पण तो आपल्या गल्लीचा असावा. शिक्षकांनी श्रेणी देताना मुलाला विचारावं, हे तू कुठं आणि कधी पाहिलंस? मुख्याध्यापकांनी वर्षातून एकदा मराठीच्या सरावाची पत्रं खऱ्या पत्त्यावर, शाळेच्या शिक्क्यानिशी पाठवावीत. आणि अधिकाऱ्यांनी त्यांना उत्तर द्यावं. काम होणार नसेल तर का होणार नाही ते लिहावं, तेही उत्तरच आहे. ज्या शाळा हे करतील त्यांनी मला कळवावं. कुणाला उत्तर आलं आणि कुणाला नाही आलं, दोन्हीची यादी मी या सदरात छापीन.