एकच खाते, पूर्ण नावाने

आपल्या शिकलेल्या मुलांना एक सल्ला मिळत असतो : लिंक्डइनवर दोन खाती ठेव. एक ‘शेख’ आडनावाचे, ओळखीच्या माणसांसाठी. दुसरे नुसती आद्याक्षरे आणि गावावरून घेतलेल्या आडनावाचे, कंपन्यांसाठी. याला व्यवहारचातुर्य म्हणतात. मला हा सल्ला साफ नामंजूर आहे.

भीती खोटी नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सारख्या पात्रतेचे अर्ज त्यांनी वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशच निघाली.

पण आडनाव लपवून हा भेद मिटतो का? कधीतरी पदवीचा कागद दाखवावाच लागतो. तोवर अनुभव एका खात्यात, शिफारशी दुसऱ्यात, आणि दोन्ही अर्धवट. शिवाय माणसाला एकच खाते आणि तेही खऱ्या नावाने, हा लिंक्डइनचाच नियम आहे.

म्हणून खाती एकत्र करा. सेटिंगमध्ये तशी सोय आहे. मात्र बंद होणाऱ्या खात्यातले फक्त संपर्क इकडे येतात, शिफारशी येत नाहीत. म्हणून आधी माहितीची प्रत उतरवून घ्या आणि शिफारशी पुन्हा मागा.

सल्ला द्यायचाच असेल तर तो कंपन्यांना द्या : पहिल्या चाळणीत अर्जावरचे नाव झाकून वाचा. नाव झाकण्याचे काम त्यांचे आहे, आपल्या मुलांचे नाही.