विश्लेषण : तंटा गावात मिटला, पण कागद टिकेल का?

बांध हातभर सरकला म्हणून दोन सख्खे भाऊ दिवाणी न्यायालयात जातात. वकिलाची फी, तालुक्याच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब मांडला, तर त्या हातभर जमिनीची किंमत कधीच वसूल झालेली असते. शहरात हेच भांडण वरच्या मजल्यावरून होणाऱ्या गळतीचे किंवा पार्किंगच्या जागेचे असते. असे वाद कमी खर्चात, ओळखीच्या माणसांसमोर मिटावेत याबद्दल दुमत नाही. अडचण पुढे येते. मिटवलेल्याचे लेखी काय करायचे, हे फारसे कुणी सांगत नाही.

कायदा काय म्हणतो?

मध्यस्थी कायदा, 2023 मध्ये ‘सामुदायिक मध्यस्थी’साठी दोन स्वतंत्र कलमे आहेत, 43 आणि 44. एखाद्या भागातील रहिवाशांमधली किंवा कुटुंबांमधली शांतता बिघडेल असा वाद असेल आणि दोन्ही बाजूंची आधी संमती असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. प्राधिकरण तीन मध्यस्थांचे मंडळ नेमते. त्यात परिसरातील प्रतिष्ठित व्यक्ती, रहिवासी संघाचा प्रतिनिधी, मध्यस्थीचा अनुभव असलेली व्यक्ती असू शकते. तडजोड झाली की ती लिहून काढायची आणि सह्या घ्यायच्या.

मात्र याच कायद्यात पुढे म्हटले आहे की, या तडजोडीची दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी करता येणार नाही. म्हणजे भाऊ उद्या फिरला, तर हातातला कागद घेऊन पुन्हा पहिल्या पायरीवर. शिवाय 9 ऑक्टोबर 2023 रोजी कायद्याची निवडक कलमेच लागू करण्यात आली. सामुदायिक मध्यस्थीची कलमे त्या यादीत नव्हती. लोकांना न्यायालयाबाहेर जा म्हणायचे आणि बाहेरच्या तोडग्याला बळ द्यायचे नाही, ही विसंगती आहे.

महाराष्ट्राला हे नवे नाही

15 ऑगस्ट 2007 रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. गावोगावी समित्या बसल्या, बक्षिसे जाहीर झाली आणि चावडीवर बसून बोलण्याची सवय काही काळ तरी परतली. पण मिटलेल्या तंट्यांच्या आकड्यावर गुण आणि बक्षीस ठरू लागले, की जो दुबळा आहे त्यालाच ‘आता मिटव बाबा’ म्हटले जाते. जातपंचायतींचा अनुभव तर आणखी कडू. त्यांच्या मनमानीला आळा घालण्यासाठी राज्याला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरोधात वेगळा कायदा करावा लागला. मध्यस्थ निकाल देत नाही, दंड करत नाही, वाळीत टाकत नाही. तो फक्त बोलणे घडवून आणतो. एखादी बैठक दंड ठोठावू लागली, तर ती मध्यस्थी नव्हे. घरात मारहाण होत असलेल्या बाईला चारचौघांत बसवून ‘जुळवून घे’ सांगणे, हीसुद्धा नव्हे.

मग आज करायचे काय?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 मधील एक वाट खुली आहे आणि ती स्वस्त आहे. न्यायालयात दाखल न झालेला वादही लोकअदालतीपुढे नेता येतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. कोर्ट फी लागत नाही. दावा आधीच दाखल असेल, तर भरलेली फी परत मिळते. तिथे झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचा दर्जा असतो. त्यामुळे गावात किंवा सोसायटीत बोलणी जमली की तो मसुदा घेऊन लोकअदालतीत जाणे शहाणपणाचे. पण सही करण्याआधी कागद नीट वाचा, कारण या निवाड्यावर अपील नाही. तडजोड करता न येणारे फौजदारी गुन्हे मात्र लोकअदालतीत मिटत नाहीत.

स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन क्रमांक 15100.

शेतजमिनीचा वाद असेल, तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि तो नकाशा करारनाम्याला जोडावा. ‘तुझ्या नावाची जमीन माझ्या ताब्यात, माझी तुझ्या ताब्यात’ असा गुंता 12 वर्षांपासून असेल, तर राज्याने जानेवारी 2023 मध्ये आणलेली सलोखा योजना त्यासाठीच आहे. अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क 1,000 रुपये आणि नोंदणी फी 1,000 रुपये. योजना मुदतीची आहे, म्हणून ती चालू असल्याची खात्री दुय्यम निबंधक कार्यालयात करून घ्यावी. दस्त झाल्यावर तलाठ्याकडे फेरफार नोंदवून सातबारा बदलून घ्यायला विसरू नये. ती नोंद राहिली, तर तोच वाद पुढच्या पिढीत पुन्हा उभा राहतो.