गृहव्यवस्था : रिकामें कार्ट्रिज

कै. मामंजींच्या आठवणींची पुस्तिका त्यांच्या वर्षश्राद्धास घरच्याच लेसर प्रिंटरवर छापावी, असें आम्हीं योजिलें होतें. ऐन वेळीं टोनर संपला. बाजारांतून भरून आणविला, तों पानोपानीं काळी रेघ! चाळीस कागद वायां गेले.

आपण कार्ट्रिजला दौत समजतों, तेथेंच चुकतों. आमच्या यंत्राच्या ‘एचपी १२ए’ कार्ट्रिजांत टोनरची भुकटी, ड्रम व ड्रम पुसणारी पट्टी हीं एकत्रच असतात. पुसून निघालेली भुकटी निराळ्या कप्प्यांत सांचते. तो कप्पा रिकामा न करतां नवी भुकटी भरली, कीं जुनी बाहेर येऊन कागद डागाळतो. आमचें तसेंच झालें होतें.

मग करावें काय? अक्षर फिकें पडूं लागतांच कार्ट्रिज आडवें धरून हलकेंच हालवावें; आणखी कांहीं पानें निघतात. पुढें जाणत्या कारागिराकडून कप्पा साफ करवून एकदोनदां भरून घ्यावें. ड्रम झिजला, कीं तो बदलावा किंवा नवें कार्ट्रिज घ्यावें. ज्या यंत्रांत ड्रम स्वतंत्र असतो, तेथें नुसता टोनर बदलल्यानें भागतें. कार्ट्रिजला चिप असल्यास तीही बदलावी लागेल काय, हें आधींच विचारावें. भुकटी सांडल्यास थंड पाण्याच्या फडक्यानें टिपावी. ऊन पाणी वापरूं नये.

कप्पा साफ करवून पुस्तिका पुन्हां छापली. सासूबाईंनीं पहिल्या पानावरून बोट फिरविलें. रेघ नव्हती.