हवेची ऋतुचर्या

आहारविहाराची ऋतुचर्या आपल्या घरांतून आजहि थोडीबहुत पाळली जाते. परंतु आपण श्वासावाटे जी हवा घेतों तीहि ऋतूबरोबर पालटते, हें फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. या पालटांतला एक गुप्त भागीदार म्हणजे रेडॉन वायु. त्यास ना रंग, ना गंध. खडकामातींतील अत्यल्प युरेनियमापासून रेडियम व रेडियमापासून हा वायु निरंतर उपजतो आणि जमिनीच्या भेगांतून वर येतो. ३.८ दिवसांत त्याचा निम्मा अंश विघटन पावतो, व त्यापासून होणारे किरणोत्सर्गी कण श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन बसतात.

पावसाळ्यांत भिजलेली जमीन या वायूस कोंडून धरते. शिवाय समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांत तो फारच थोडा असतो. हिंवाळ्यांत वारे जमिनीवरून वाहतात, रात्रीं हवा निश्चल राहते, म्हणून पहांटे त्याचें प्रमाण वाढतें व दोनप्रहरीं उतरतें. हा भेद हेरूनच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील रामा या शास्त्रज्ञांनीं रेडॉनच्या खुणेनें मोसमी वाऱ्यांचा माग काढण्याची रीत १९७० सालीं प्रसिद्ध केली.

मग सोलापूरकरांनीं भ्यावें काय? तसें कारण नाहीं. आपल्या पायाखालच्या काळ्या बेसाल्टांत युरेनियम ग्रॅनाइटाहून पुष्कळ कमी असतें. तथापि घरांतील रेडॉन जसा कातळावर, तसाच खिडकीवरहि अवलंबून असतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं घरांतील हवेसाठीं दर घनमीटरास १०० बेकेरेल ही मर्यादा सुचविली. कांहीं झालें तरी ३०० च्या वर जाऊं नये, असेंहि सांगितलें. दीर्घकाळच्या सहवासानें हा वायु फुप्फुसाच्या कर्करोगास कारण होतो. विडी-सिगारेट ओढणारास तर धोका अनेक पटींनीं अधिक.

जुन्या माळवदास झरोका असे. नव्या घरांच्या खिडक्या घट्ट बसतात. पौषांत बाळंतिणीची खोली फटीसुद्धां बुजवून बंद केली जाते, आणि तींतच आजीबाई व तान्हें मूल दिवसचे दिवस काढतात. येथें सुनेनें खिडकी उघडली कीं सासूबाई ती लावतात! दोघींचेंहि म्हणणें रास्त आहे. गारठाहि नको, कोंदटपणाहि नको. दोनप्रहरीं मायलेंकरांस दुसऱ्या खोलींत बसवून समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या. बंद खोलींत हा वायु कांहीं तासांत पुन्हां साचतो, म्हणून रात्रींहि बिछान्यापासून दूरची वरची झडप किंचित् उघडी असावी. तळमजल्याच्या फरशीच्या भेगा मात्र अवश्य बुजवाव्या. वैशाखांत झळांच्या भयानें अथवा शीतयंत्रासाठीं दारें लावून घेणारांनींहि सायंकाळीं तीं उघडावीं. यास पैसा लागत नाहीं. घरांतल्या वडीलधाऱ्यांची संमति तेवढी लागते.